ठोके तुमचे, आकडाही तुमचाच हवा

मागच्या महिन्यात या सदरात मी एक वाक्य लिहून गेले होते : नवं घड्याळ घेतलंत की त्यात कंपनीनं भरून दिलेले हार्ट रेटचे झोन, म्हणजे सोप्यापासून कठीण सरावापर्यंतचे ठोक्यांचे टप्पे, आधी पुसून टाका. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. पोहण्याच्या गॉगलबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत, कारण काहींनी घरच्यांना अजून ‘ट्रायथलॉन करतोय’ (म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं लागोपाठ) हे सांगितलेलंच नाही असं दिसतं.

प्रश्न : मी सांगलीत बँकेत नोकरीला आहे, वय ४४. गोव्याची हाफ आयर्नमॅन (लांब पल्ल्याची ट्रायथलॉन) डोक्यात आहे. घड्याळ म्हणतं माझा कमाल हार्ट रेट १७६. मित्र म्हणतात, पाया घालायचा तर झोन २ मध्येच, म्हणजे सोप्या सरावाच्या ठोक्यांतच पळ. माझा झोन २ घड्याळात १०६ ते १२३ दिसतो. एवढ्यात राहायचं तर मला चालावंच लागतं. आणि मागच्या १० किलोमीटरच्या शर्यतीत छातीला ठोके मोजणारा पट्टा लावला होता, तर शेवटच्या वळणानंतर १८८ दाखवले! माझ्या हृदयात काही बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड घड्याळातल्या वजाबाकीत आहे. २२० वजा वय, म्हणजे तुमचे १७६. हे सूत्र फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१ सालच्या एका लेखातून आलं. हृदयविकार टाळायला व्यायामाचा कितपत उपयोग होतो, असा त्या लेखाचा विषय. तोवर झालेल्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे त्यांनी एकत्र मांडले, त्यातून साधारण एक रेघ दिसली, आणि ती रेघ पुढे जिमच्या भिंतीवर, ट्रेडमिलवर आणि आता तुमच्या मनगटावर येऊन बसली. ट्रायथलॉन हा खेळ तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पहिली शर्यत सॅन दिएगोला झाली ती १९७४ साली.

रेघ सरासरीची असते. एकाच वयाची शंभर माणसं घेतली तर त्यांतल्या बऱ्याच जणांचा कमाल हार्ट रेट रेघेच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली सापडतो, आणि काहींचा वीस ठोके. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी सूत्र सुधारलं : २०८ वजा वयाच्या ०.७ पट. त्यानं तुमचे १७७ येतात. म्हणजे सुधारलेलं सूत्रही तुमच्या १८८ पर्यंत पोचत नाही. यात तुमचं काही चुकलेलं नाही. कमाल हार्ट रेट जास्त म्हणून कुणी जास्त तंदुरुस्त नसतो, कमी म्हणून कच्चा नसतो. तो बराचसा जन्मजात येतो आणि वयानुसार हळूहळू उतरतो, सरावानं वाढत नाही. सराव बदलतो ते दुसरंच : त्या कमाल आकड्याच्या किती जवळ, किती वेळ तुम्ही तग धरता.

म्हणून मी कमाल आकड्याच्या मागे लागत नाही. मी थ्रेशोल्ड मोजायला सांगते. जोर वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर रक्तात लॅक्टेट (स्नायूंच्या कष्टातून तयार होणारा पदार्थ) जितकं तयार होतं तितकं वापरलं जात नाही, साठत जातं, श्वास हातातून सुटतो. त्या टप्प्यावरचे ठोके म्हणजे थ्रेशोल्ड हार्ट रेट. प्रयोगशाळेत कानाच्या पाळीला किंवा बोटाला टोचून रक्त तपासतात. मैदानावर काम भागवायचं असेल तर अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांची अर्ध्या तासाची चाचणी आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तीच करायला लावते.

पण त्याआधी एक अट. चाळिशी ओलांडली आहे. घरात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, बीपी किंवा शुगर असेल, जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं असेल, तर आधी डॉक्टर, ईसीजी, आणि ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट. ‘मला काही होत नाही’ असं सांगणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. कागद दाखवा, मग बोलू.

कागद नीट असेल तर असं करा. आदल्या दिवशी सराव नाही, किंवा अगदी हलकं पोहणं. आदल्या रात्री तांबडा रस्सा नको आणि जागरणही नको. पहाटे, सपाट रस्ता किंवा ४०० मीटरचं मैदान. हायवे नको. पंधरा-वीस मिनिटं सावकाश पळून अंग गरम करा, त्यात शेवटी तीन-चारदा वीस-वीस सेकंद वेग वाढवा. मग ३० मिनिटं, एकट्यानं, अर्धा तास जेमतेम टिकेल असा सगळ्यात जास्त वेग. दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबा. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हा तुमचा थ्रेशोल्ड. पहिली दहा मिनिटं सोडायची, कारण ठोके वर चढायला वेळ घेतात आणि सुरुवातीला सगळेच उतावळे पळतात.

‘एकट्यानं’ हा शब्द मी उगाच घातलेला नाही. आमच्या कोल्हापुरात चार जणांना चाचणीला एकत्र सोडलं की पाचव्या मिनिटाला तिची शर्यत होते, आणि शर्यतीतली ईर्षा ठोके वर ओढते. चाचणी फसली हे ओळखायची खूण सोपी आहे : शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्या दहापेक्षा बरंच कमी अंतर कापलं गेलं, तर तुम्ही सुरुवातीला वाहवत गेलात. चार-पाच दिवसांनी परत करा.

समजा सरासरी १७२ आली. पळण्याचा झोन २ म्हणजे थ्रेशोल्डच्या ८५ ते ८९ टक्के, म्हणजे तुमचे १४६ ते १५३. घड्याळ सांगत होतं १०६ ते १२३! त्या हिशेबानं तुम्ही आयुष्यभर चालतच राहिला असतात. झोन ३ साधारण ९० ते ९४ टक्के, झोन ४ थ्रेशोल्डच्या किंचित खालपर्यंत. हे आकडे घड्याळाच्या सेटिंगमध्ये हातानं भरा, आणि ‘आपोआप सुधारणा’ असा काही पर्याय असेल तर बंद करून टाका. नाहीतर पुढच्या आठवड्यात ते परत स्वतःची अक्कल चालवतं.

प्रश्न : पुण्यात बाणेरला राहते, आयटीत आहे, वय ३६. घरी ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) सायकल लावलेली आहे, पेडलवरचा जोर म्हणजे पॉवर वॉटमध्ये कळते. २० मिनिटांच्या चाचणीत सरासरी १९० वॉट आले. तेव्हाचा हार्ट रेट पळतानाच्या थ्रेशोल्डपेक्षा नऊनं कमी होता. मग झोन कुठला धरू? आणि पोहताना काय करायचं? पट्टा पाण्यात घसरून कमरेवर येतो.

उत्तर : तिन्हीला तीन वेगळे आकडे. हे ऐकून लोक वैतागतात, पण इलाज नाही. पळताना तुम्ही स्वतःचं वजन उचलता, हात-खांदे-पोट सगळं कामाला लागतं. सायकलवर वजन खोगिरावर असतं, म्हणून तेवढ्याच कष्टाला बहुतेकांचे ठोके पाच-दहानं कमी लागतात. तुमचा नऊचा फरक अगदी नेहमीचा. सायकल लहानपणापासून चालवलेल्यांत फरक कमी दिसतो, पळण्यातून आलेल्यांत जास्त. पळण्याचे झोन सायकलवर वापरलेत तर तुमची ‘सोपी’ राइड दर वेळी मध्यम होऊन बसेल.

वॉटचं गणित : २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी, सायकलवरची थ्रेशोल्ड पॉवर. १९० चे १८० धरा. बाणेरच्या फ्लॅटमध्ये ट्रेनरवर बसता तेव्हा पंखा समोर आणि पूर्ण वेगात ठेवा. रस्त्यावर वारा अंग गार करतो, खोलीत तो नसतो, आणि वॉट तेवढेच राहून ठोके नुसते तापानं दहा-बारानं चढतात. चाचणीला पंखा लावलात आणि सरावाला नाही, तर दोन्ही आकडे एकमेकांशी बोलणार नाहीत.

पोहण्यात मी ठोक्यांच्या नादी लागत नाही. आडवं शरीर, पाण्याचा दाब आणि गारवा, यांमुळे रक्त हृदयाकडे सहज परततं आणि पाण्यात ठोके एरवीपेक्षा कमीच राहतात. वर पट्ट्याची ती गंमत. त्याऐवजी वेग मोजा. अंग गरम करून ४०० मीटर जोरात, वेळ लिहा. नीट विश्रांती. मग २०० मीटर जोरात, वेळ लिहा. समजा ४०० ला ८ मिनिटं ४० सेकंद लागले आणि २०० ला ४ मिनिटं १०. वजाबाकी : ४ मिनिटं ३० सेकंद, २०० मीटरसाठी. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं १५ सेकंद. हा तुमचा पाण्यातला थ्रेशोल्ड वेग. पोहणारे याला सीएसएस म्हणतात. मुख्य सेट याच्या आसपास, लांब सावकाश पोहणं १०० मागे आठ-दहा सेकंदांनी हळू. दोन्ही वेळा भिंतीला पाय लावून सुरुवात करा, उडी मारून नको. आणि टँक २५ मीटरचा आहे की ५० चा, ते वहीत लिहून ठेवा. २५ मध्ये वळणं दुप्पट, भिंतीला रेटा मिळतो, वेळ चांगली येते. पुढच्या वेळी दुसऱ्या टँकमध्ये पोहून ‘मी हळू झाले’ म्हणून मला रडवेलं पत्र येऊ नये.

प्रश्न : वय ५२, नाशिक. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे. कितीही जोर लावला तरी ठोके १३० च्या वर जात नाहीत. म्हणजे माझा स्टॅमिना उत्तम समजायचा का?

उत्तर : नाही. गोळी तिचं काम करते आहे, एवढंच समजायचं. बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग मुद्दाम रोखून धरतात, त्यामुळे वर दिलेलं कुठलंही सूत्र आणि टक्केवारी तुम्हाला लागू नाही. गोळी मनानं बंद करून ‘खरा’ आकडा बघायचा मोह होईल. तो धोकादायक आहे. ही औषधं एकदम थांबवली तर उलटतात. गोळी चालू असतानाच डॉक्टरांच्या देखरेखीत स्ट्रेस टेस्ट करा आणि तिथून मिळेल ती मर्यादा पाळा. रोजच्या सरावाला गुन्नर बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची ६ ते २० ची पट्टी वापरा : ६ म्हणजे नुसतं बसणं, २० म्हणजे आता कोसळणार. ६ पासून का, तर निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला दहानं गुणलं की अंदाजे ठोके येतात. तुमच्यात ते ठोके येणार नाहीत, पण कष्टाची जाणीव खरी राहते. बहुतेक सराव ११-१२ ला ठेवा.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी गडहिंग्लजजवळच्या खेड्यातला, वय १९, बी.ए. दुसऱ्या वर्षाला. विहिरीत आणि धरणात पोहलोय, पळायला चांगला आहे, सायकल चुलत्याची आहे. घड्याळ घ्यायला पैसे नाहीत. तुमचे सगळे लेख घड्याळवाल्यांसाठीच असतात.

उत्तर : तुझा टोमणा मला लागला, आणि म्हणून तुझं उत्तर सगळ्यात मोठं आलं तरी संपादकांनी कापू नये.

तुला दोन बोटं आणि सेकंदकाटा असलेलं कुठलंही घड्याळ पुरे. मोबाइलमधलं चालेल. सकाळी जाग आल्यावर, उठायच्या आधी, अंथरुणातच मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेव. अंगठ्यानं मोजू नकोस, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि घोळ होतो. पूर्ण एक मिनिट मोज आणि वहीत लिही. आठवडाभरात तुला तुझा नेहमीचा आकडा कळेल. सराव चांगला चालला तर काही महिन्यांत तो थोडा खाली येतो, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. आणि एखाद्या सकाळी तो अचानक सात-आठनं वर दिसला, तर झोप कमी झाली आहे, आदल्या दिवशी ऊसतोडीला गेला होतास, नाहीतर ताप येऊ घातला आहे. त्या दिवशी जोराचा सराव नाही. ताप असेल तर तो उतरल्यावरही काही दिवस फक्त चालणं. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि तेव्हा जोर करणं जिवावर बेतू शकतं. हे सांगताना माझा आवाज नेहमी चढतो.

पळून थांबल्यावर ठोके मोजायचे असतील तर लगेच, दहा सेकंद, आणि गुणिले सहा. मिनिटभर मोजत बसलास तर तोवर ठोके उतरलेले असतात. मात्र दहा सेकंदांत एक ठोका चुकला तरी हिशेबात सहाची चूक होते हे लक्षात ठेव, म्हणून एका मोजणीवर निकाल लावू नकोस. मानेवर मोजलंस तर एकाच बाजूला, हलक्या बोटांनी.

आता चाचणी. केनेथ कूपर या डॉक्टरांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम करताना १९६८ मध्ये बारा मिनिटांची चाचणी मांडली. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर पळतोस, एवढंच बघायचं. तुमच्या कॉलेजच्या मैदानावर चुना टाकून ४०० मीटरचा ट्रॅक आखलेला असतो. नसेल तर क्रीडाशिक्षकांना टेप मागून आखून घे. अंतरातून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ नं भागायचं, की व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, अंदाज मिळतो. २८०० मीटर पळालास तर ५१ येईल. शहरातली माणसं हा आकडा महागड्या मनगटावर बघतात, आणि तोही अंदाजच असतो.

झोन २ साठी तुला पट्टा लागत नाही. पळताना सतराचा पाढा मोठ्यानं म्हण. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. दोन-तीन पायऱ्या एका श्वासात आरामात म्हणता आल्या तर तू सोप्या वेगात आहेस. प्रत्येक पायरीला श्वास घ्यावा लागला तर मध्यम. पाढाच विसरलास तर फार जोरात (किंवा शाळेत लक्ष नव्हतं). या बोलण्याच्या चाचणीला प्रयोगशाळांतही मान आहे. आरामात बोलता येणं थांबतं तो टप्पा मोजणीतल्या पहिल्या थ्रेशोल्डच्या (वर सांगितलेल्या थ्रेशोल्डच्या आधी येतो त्या) जवळपास येतो.

आणखी एक कर. गावाबाहेर एक ठरावीक फेरी निवड, साधारण तीन किलोमीटरची, कमी चढ-उताराची. महिन्यातून एकदा, पहाटे, पाढा म्हणता येईल अशाच वेगानं ती पळ आणि फक्त वेळ लिही. जोर लावायचा नाही. वेळ कमी होत गेली तर इंजिन मोठं होतंय. पुढेमागे पैसे जमले तर आधी घड्याळ घेऊ नकोस. फोनला जोडता येणारा छातीचा पट्टा घे, तो खूपच स्वस्त पडतो. आणि धरणात एकटा पोहू नकोस. काठावर माणूस आणि कमरेला फुगा, दोन्ही हवं.

प्रश्न : चिपळूण. डिसेंबरात ज्या वेगाला माझे ठोके १४८ असायचे, त्याच वेगाला मे महिन्यात १६२ होतात. सराव एकही दिवस चुकवलेला नाही. मी मागे चाललोय का?

उत्तर : नाही, मे महिना पुढे आलाय. कोकणातल्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही. मग शरीर गार व्हायला रक्त कातडीकडे पाठवतं. पायांनाही रक्त हवंच असतं. त्यात घामानं रक्तातलं पाणी कमी झालेलं. एका ठोक्यात कमी रक्त निघतं, म्हणून हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. उन्हाळ्यात झोन बदलू नका, वेग बदला. ठोके १४८ ला धरून ठेवा आणि किलोमीटरला लागणारा वेळ वाढू द्या. हे चढलेले ठोके घामोळ्यासारखेच पाऊस पडला की जातील.

याच गोष्टीतून एक चांगली चाचणी निघते. दीड तास एकाच वेगानं सावकाश पळा. पहिल्या ४५ मिनिटांची सरासरी १४४ आणि नंतरच्या ४५ ची १५१ आली, तर ठोक्यांमागे मिळणारा वेग साडेचार-पावणेपाच टक्क्यांनी घसरला. पाचच्या आत आहे, म्हणजे पाया बरा. घसरण दहा-बारा टक्के आली तर दीड तास तुम्हाला अजून लांब आहे, इंटरव्हलच्या (थांबून थांबून जोरात पळण्याच्या) नादी लागू नका. अर्थात ही तुलना सारख्या हवेतच करायची. आणि तुम्ही गोव्याची तयारी करत असाल तर चिपळूणचा दमटपणा तुमच्या पथ्यावरच पडेल. साताऱ्या-नाशकाच्या थंड पहाटे तयार झालेले लोक तिथं दुपारच्या पळण्यात वितळतात. उन्हाला सरावायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात.

प्रश्न : पळायला सुरुवात केली की पाच मिनिटांत घड्याळ १७५-१७८ दाखवतं. मला तर गप्पा मारता येतात. घड्याळ खराब आहे का? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : तुमची पावलं मिनिटाला १७५ च्या आसपास पडत असणार. मनगटातला हिरवा दिवा रक्ताची लय शोधतो आणि हाताच्या हेलकाव्याच्या लयीला पकडतो. घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. तरी सुधारलं नाही तर छातीचा पट्टा घ्या. फिनलंडच्या पोलार कंपनीनं बिनतारी पट्टा १९८२ मध्ये आणला, आणि मैदानावर अजून त्याच्यापेक्षा भरवशाचं काही नाही. लावण्यापूर्वी आतली बाजू पाण्यानं ओली करायची, कोरडा लावला तर तोही पहिली दहा मिनिटं वाट्टेल ते सांगतो.

प्रश्न : सातारा, वय ४१, गृहिणी. तुमचं ऐकून थ्रेशोल्ड मोजला, झोन २ काढला. पण यवतेश्वरच्या घाटात त्यात राहायचं तर मला चालावं लागतं. ग्रुपमधल्या मैत्रिणी पुढं जातात आणि हसतात. दोन महिने झाले. किती दिवस असं?

उत्तर : चाला. हसू द्या.

तुम्हाला मार्क ॲलनची हकीकत सांगते. १९८०च्या दशकातला जगातला पहिल्या फळीतला ट्रायथलीट, पण हवाईची आयर्नमॅन काही केल्या त्याच्या हाती लागेना; वर्षानुवर्षं डेव्ह स्कॉट त्याला मागे टाकायचा. सुरुवातीच्या काळातच फिल मॅफेटोन नावाच्या प्रशिक्षकानं त्याला सोप्या सरावासाठी १५५ ठोक्यांची मर्यादा घालून दिली होती. एरवी साडेपाच मिनिटांत मैल पळणाऱ्या त्या माणसाला १५५ च्या आत राहायला मैलामागे सव्वाआठ मिनिटं लागली. त्यालाही लाज वाटलीच असणार. वर्षभर त्यानं तेच केलं, आणि त्याच १५५ ठोक्यांवर तो मैल ५ मिनिटं २० सेकंदांपर्यंत आला. १९८९ मध्ये हवाईतल्या कोनाला, त्याच आयर्नमॅनमध्ये, डेव्ह स्कॉटच्या खांद्याला खांदा लावून तो जवळजवळ पूर्ण शर्यत धावला आणि शेवटच्या चढावर सुटला. हवाई त्यानं एकूण सहा वेळा जिंकली.

मॅफेटोनचं सूत्र १८० वजा वय असं आहे, आजारपण आणि अनुभव बघून त्यात थोडी वजा-बेरीज. तेही वजाबाकीचंच असल्यामुळे मला ते आवडत नाही. तुम्ही मोजलेला आकडा आहे, तोच धरा. हकीकत सांगितली ती धीराची होती, सूत्राची नव्हे.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. यवतेश्वर हा सोप्या पळण्याचा रस्ताच नाही. आठवड्यातले सोपे दिवस खाली सपाटीवर करा, आणि घाट एकाच दिवसासाठी राखून ठेवा. त्या दिवशी झोन २ विसरा, चढावर चार-चार मिनिटं थ्रेशोल्डपर्यंत जा, उतारावर चालत या. नॉर्वेत राहून काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकानं दाखवलं की जागतिक दर्जाचे खेळाडूसुद्धा आपल्या सरावसत्रांतली ८० टक्क्यांच्या आसपास सोपी ठेवतात आणि उरलेली खरोखर कठीण. आपल्याकडे उलटं चालतं : रोज मध्यम. घाम भरपूर, फोटो भरपूर, वेळ तीच. मैत्रिणींच्या पट्ट्यांवर काय आकडे येतात ते एकदा विचारा. आणि चाचणी आठ आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच वेळी परत करा. पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात अनेकींचे ठोके थोडे चढे असतात, म्हणून दोन्ही चाचण्या चक्राच्या साधारण सारख्या दिवसांत ठेवा. हे पुरुष प्रशिक्षक सांगायचं विसरतात.

प्रश्न : सगळे झोन पाठ झाले. शर्यतीच्या दिवशी कुठल्या आकड्यावर राहायचं? (हाफ आयर्नमॅन, पहिलीच, कोल्हापूर)

उत्तर : राजाराम तलावावर भेटलात तर तोंडी सांगेन, पण थोडक्यात असं. पाण्यात आकडा बघायचा नाही, गर्दीत डोकं वर ठेवून श्वास शांत करायचा. पाण्यातून बाहेर पडून सायकलवर बसलात की ठोके थ्रेशोल्डजवळ दिसतील. घबराट, धावपळ, आडव्याचं उभं होणं, सगळ्याचा तो परिणाम. पहिली पंधरा-वीस मिनिटं हलकं पेडल मारा, दोन घोट पाणी घ्या, आकडा आपोआप खाली येतो. मग पहिल्या शर्यतीत ९० किलोमीटर सायकल झोन २ च्या वरच्या टोकाला, चढावर थोडा वेळ झोन ३, याच्या पुढे नाही. कुणी ओलांडून गेलं तर जाऊ द्या, त्यातले बरेच पळताना भेटतात. दर वीस मिनिटांनी खाणं-पिणं. ठोके वर असताना पोट काही पचवत नाही, म्हणून खायचं ते सायकलवर.

पळायला लागल्यावर पहिले तीन किलोमीटर पाय हलके वाटतील आणि वेग फसवेल, तिथे झोन २ च्या छतावर ठोके दाबून धरा. त्यानंतर ऊन आहे, थकवा आहे, ठोके चढणारच. झोन ३ चालेल. प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी चालत जा, डोक्यावर पाणी ओता, बर्फ मिळाला तर टोपीत घाला. शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत घड्याळ बघायचं सोडून द्या, उरलेलं सगळं तिथं खर्च करा. फक्त छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा भर उन्हात घाम थांबून अंगावर काटा आला, तर तिथंच थांबून जवळच्या स्वयंसेवकाला सांगा.